बीटल्सवरची पुस्तकं: कुठलं घ्यायचं, कुठलं सोडायचं आणि ते ओळखायचं कसं

बीटल्सची गाणी एकदा अंगात भिनली की थोड्या दिवसांनी नुसतं ऐकून भागत नाही, प्रश्न पडायला लागतात. हे गाणं जॉनचं की पॉलचं, मध्येच तो उलटा वाजल्यासारखा आवाज कसला येतो, एवढं सगळं जोरात चाललेलं असताना चौघं (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार) वेगळे का झाले. मग पुस्तक शोधायला जावं तर समोर शेकड्यांनी पुस्तकं, प्रत्येकाच्या कव्हरवर तेच चार चेहरे आणि प्रत्येकाचा दावा की खरी हकीकत इथेच मिळेल. बँडचं रेकॉर्डिंग झालं ते १९६२ ते १९७० एवढ्यातच, पण त्यांच्यावर लिहिणं काही थांबलेलं नाहीये. त्यातून आपल्या कामाचं कसं निवडायचं आणि पैसे कुठे घालायचे यावर लिहितेय. उदाहरण बीटल्सचं घेतलंय कारण त्यांच्यावर अप्रतिम पुस्तकंही आहेत आणि अगदी टुकारही, दोन्ही भरपूर. क्वीन, पिंक फ्लॉइड, झेपलिन, तुमचा लाडका बँड कुठलाही असो, पुस्तक तपासायची पद्धत तीच.

सगळ्यात आधी, 'बीटल्सवरचं बेस्ट पुस्तक कुठलं' असं विचारत फिरू नका. त्याला उत्तर नाहीये. तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचंय ते ठरवा. गाणी कशी बनली हे ज्याला हवंय त्याने जाडजूड चरित्र आणलं तर पहिली कितीतरी पानं त्यांच्या गावचे, लिव्हरपूलमधले आजोबा-पणजोबाच भेटत राहतात आणि पुस्तक कपाटात जातं. ज्याला माणसं समजून घ्यायचीत त्याने रेकॉर्डिंगच्या नोंदींचं पुस्तक आणलं तर त्यात टेक नंबर (गाणं वाजवायचा कितवा प्रयत्न) आणि माइकची नावं बघून तो कंटाळेल. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी उत्तम, फक्त माणूस चुकीच्या पुस्तकाकडे गेला.

प्रश्न ठरला की मग हातातल्या पुस्तकाला एकच गोष्ट विचारायची: लेखकाला हे कळलं कसं? तो तिथे होता का, कोणाशी बोलला, कधी लिहिलं, लिहिताना कोणाची मर्जी सांभाळायची होती का. मला विचाराल तर पुस्तक निवडण्यात ऐंशी टक्के काम एवढंच आहे, भाषा, फोटो, छपाई, कव्हर हे सगळं नंतर.

हंटर डेव्हिसचं 'द बीटल्स' घ्या. १९६८ साली आलं, बँडच्या परवानगीने लिहिलेलं चरित्र. डेव्हिस संडे टाइम्समधला पत्रकार, मॅनेजर ब्रायन एपस्टाइनने होकार दिल्यावर तो १९६७ मध्ये त्यांच्या आगेमागे असायचा, घरी जायचा, स्टुडिओत बसायचा, आईवडिलांना भेटायचा. जॉन आणि पॉल 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' लिहीत होते तेव्हा हा त्याच खोलीत होता, एक जण गिटार छेडतोय, दुसरा पियानो बडवतोय, ओळ जमली नाही की दोघं भलतंच जुनं गाणं वाजवायला लागतात आणि मग परत मूळ गाण्याकडे येतात, हे त्याने समोर बसून टिपलंय. असं दृश्य नंतरच्या कुठल्याही लेखकाला मिळणं शक्य नाही, कितीही हुशार असला तरी.

पण परवानगीची किंमत असते. एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्ये वारला, तो समलिंगी होता हे त्याच्या घरच्यांसाठी आणि त्या काळात उघड लिहिणं शक्यच नव्हतं. जॉनला वाढवलेल्या मिमी मावशीला त्याच्या लहानपणच्या शिव्या आणि भुरट्या चोऱ्या पुस्तकात आलेल्या खपल्या नाहीत, म्हणून तिच्या समाधानासाठी जॉन कसा सदा आनंदी मुलगा होता असं तिचं वाक्य घालावं लागलं. दौऱ्यांवर जे काय चालायचं ते तर गाळलंच, कारण तोपर्यंत घरी बायका होत्या. हे सगळं डेव्हिसनेच नंतरच्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितलंय. त्यामुळे हे पुस्तक घेणार असाल तर ती मोठी नवी प्रस्तावना असलेली आवृत्ती बघून घ्या, कारण आधी काय गाळलंय ते कळलं की मग मूळ पुस्तक वाचायला जास्त मजा येते.

आता याच्या उलट टोक बघा. डिसेंबर १९७० मध्ये जॉनने रोलिंग स्टोन मासिकाच्या यान वेनरला लांबलचक मुलाखत दिली, ती पुढे 'लेनन रिमेम्बर्स' नावाने पुस्तक म्हणून आली. बँड फुटून काही महिने झालेत, जॉन नुकताच मानसोपचारातून आलाय जिथे लहानपणापासूनचं दुःख ओरडून बाहेर काढायला लावतात, पॉलवर तो प्रचंड चिडलाय, आणि त्या भरात तो बोलतोय. वाचताना अंगावर येतं इतकं जिवंत आहे. पण बऱ्याच लोकांनी ती मुलाखत म्हणजे पूर्ण सत्य धरली आणि पुढची कितीतरी पुस्तकं तिच्यावर उभी राहिली. माणूस घटस्फोटाच्या महिन्यात संसाराबद्दल जे बोलेल त्याला जेवढं वजन द्यावं, तेवढंच या मुलाखतीला द्यावं. ती वाचायची असेल तर जोडीला जॉनचीच १९८० सालची डेव्हिड शेफने घेतलेली मुलाखत वाचा. ती प्लेबॉय मासिकासाठी घेतलेली, पुढे पुस्तकरूपात आली. दहा वर्षांनी माणूस किती निवळलाय, एकेक गाणं घेऊन हे माझं, हे त्याचं, हे दोघांचं असं शांतपणे सांगतोय, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की आपोआप कळतं की 'जॉनने स्वतः सांगितलंय' हे वाक्य पुरेसं नसतं, कधी सांगितलंय तेही बघायला लागतं.

फिलिप नॉर्मनचं 'शाउट!' अजूनही बऱ्याच याद्यांमध्ये पहिलं असतं. ते १९८१ साली आलं, जॉनचा खून झाला ८ डिसेंबर १९८० ला, म्हणजे जग अजून त्या धक्क्यात असताना. लिहिलंय सुंदर, कादंबरीसारखं पळतं, लिव्हरपूल आणि हॅम्बुर्गचे दिवस डोळ्यासमोर उभे राहतात. पण जॉन म्हणजे प्रतिभा आणि पॉल म्हणजे गोड गोड हिशेबी माणूस ही जी सरळसोट विभागणी आहे ती पुस्तकभर जाणवते, आणि नॉर्मनने त्या वेळी टीव्हीवर जॉन म्हणजे तीन चतुर्थांश बीटल्स असंही म्हणून टाकलं होतं. पॉलला हे अर्थातच अजिबात आवडलं नाही. गंमत म्हणजे याच नॉर्मनने २०१६ मध्ये पॉलचं भलंमोठं चरित्र लिहिलं आणि आपलं आधीचं मत अन्यायाचं होतं असं त्याच्या सुरुवातीलाच मांडलं. मला हे फार आवडतं, लेखकाने स्वतःच्या जुन्या पुस्तकाशी भांडणं. तेव्हा 'शाउट!' वाचा जरूर, फक्त ते तुमचं एकमेव पुस्तक होऊ देऊ नका.

आता मार्क लुईसन. बीटल्सवर काहीही वाचणाऱ्याला हा माणूस टाळता येत नाही. याने काय केलं तर आठवणींवर विश्वास ठेवण्याआधी कागद शोधले. करार, डायऱ्या, पावत्या, जुनी वर्तमानपत्रं, स्टुडिओच्या नोंदी. रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीने त्याला आपल्या अॅबी रोड स्टुडिओतल्या मूळ टेप ऐकू दिल्या आणि त्यातून १९८८ मध्ये 'द कम्प्लीट बीटल्स रेकॉर्डिंग सेशन्स' आलं, कुठल्या तारखेला कुठलं गाणं, किती टेक, कोण इंजिनिअर, कोणी काय वाजवलं. नंतर त्याने तीन भागांचं मोठं चरित्र हातात घेतलं, पहिला भाग 'ट्यून इन' २०१३ साली आला आणि तो संपतो १९६२ च्या शेवटच्या दिवशी. म्हणजे ९०० च्या वर पानं वाचून झाल्यावर बीटल्स अजून प्रसिद्धही झालेले नाहीत! यातलं काहीच फुगवलेलं वाटत नाही, हे मी मनापासून सांगते.

कागद शोधल्याने काय फरक पडतो त्याचं एक उदाहरण देते. त्यांच्या रेकॉर्डचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने बीटल्सना ६ जून १९६२ ला अॅबी रोडला बोलावलं, ऐकलं, मुलं आवडली आणि करार केला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलेली असते, स्वतः मार्टिनही साधारण तशीच सांगायचा. लुईसनने तारखा जुळवल्या तर कराराचं काम त्या दिवसाच्या आधीच सुरू झालेलं. त्याने मांडलेली हकीकत अशी की ईएमआयच्या संगीत प्रकाशन विभागाला या मुलांच्या गाण्यांचे हक्क हवे होते, आणि वरिष्ठांनी मार्टिनच्या गळ्यात हा बँड घातला. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या जोडीची सुरुवात ऑफिसातल्या राजकारणातून. पन्नास वर्षं सगळे एकमेकांचं बघून तीच गोड गोष्ट लिहीत होते, कारण कोणी तारखा ताडून बघितल्या नव्हत्या. तुमच्या आवडीच्या बँडवरचं पुस्तक बघताना हाच शोध घ्या की याने स्वतः काही खणलंय की आधीच्या पाच पुस्तकांचं मिश्रण करून दिलंय.

हे दुकानात उभ्या उभ्या किंवा ऑनलाइन सॅम्पल बघून कसं ओळखायचं? पहिलं, पुस्तक मागून उघडा. शेवटी नोट्स आहेत का, कुठलं वाक्य कुठून घेतलंय ते दिलंय का, मुलाखती लेखकाने स्वतः घेतल्यात का. काही नसेल तर सावध व्हा. दुसरं, मधलं कुठलंही पान काढा आणि संवाद बघा. १९५७ च्या जुलैत वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत जॉन आणि पॉल भेटले तेव्हा दोघं काय बोलले ते अवतरणचिन्हांत पानभर दिलं असेल, किंवा जॉन रात्री एकटा चालत असताना मनात काय म्हणत होता ते लेखक सांगत असेल आणि हे कोणी सांगितलं त्याचा पत्ताच नसेल, तर ते पुस्तक परत ठेवून द्या. मेलेल्या माणसाच्या मनातलं लेखकाला कळायचा मार्ग नसतो. तिसरं, इंडेक्स.

इंडेक्सची माझी एक ठरलेली परीक्षा आहे, आणि ती मराठी वाचणाऱ्यांना विशेष आवडेल. इंडेक्समध्ये 'भागवत, अनिल' शोधा. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमवर जॉर्ज हॅरिसनचं 'लव्ह यू टू' नावाचं गाणं आहे, त्यात तबला अनिल भागवतांचा आहे, आणि अल्बमच्या मागच्या बाजूला त्यांचं नाव छापलेलं आहे. त्या काळी बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही छोटी गोष्ट नव्हती, पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' अल्बममधल्या 'विदिन यू विदाउट यू'साठी जे भारतीय वादक वाजवून गेले त्यांची नावं काही छापली नव्हती. लुईसनने आपल्या सेशन्सच्या पुस्तकासाठी भागवतांना गाठून बोलतं केलंय. लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलच्या अंगडींचा फोन आला की आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का, कुठला जॉर्ज ते सांगितलंच नाही, आणि न्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा कुठे प्रकरण काय आहे ते लक्षात आलं. जॉर्जने त्यांना रविशंकरांच्या ढंगाचं, सोळा मात्रांचं काहीतरी वाजवायला सुचवलं आणि बाकी त्यांच्यावर सोडलं. कव्हरवर नाव आलं याचा त्यांना अभिमान वाटतो हेही तिथे आहे.

एवढीशी हकीकत, पण ती मिळवायला लेखकाने कव्हर वाचलं, माणूस शोधला, त्याला विचारलं. बऱ्याच पुस्तकांत तिथे फक्त 'एका भारतीय तबलजीने साथ केली' एवढंच असतं. अर्थात पुस्तक बँडच्या पैशांबद्दल किंवा फुटण्याबद्दल असेल तर त्यात भागवत नसले तरी चालेल, तिथे दुसरं नाव शोधा. युक्ती अशी की तुम्हाला ज्याच्याबद्दल आधीच नीट माहिती आहे अशी एक बारीक गोष्ट पकडायची आणि पुस्तक तिथे काय करतं ते बघायचं. बारीक गोष्टीत जो काळजी घेतो तो मोठ्या गोष्टीतही घेतो, निदान शक्यता तरी जास्त.

गाण्यांसाठी म्हणाल तर इयन मॅकडोनाल्डचं 'रिव्होल्यूशन इन द हेड' (पहिली आवृत्ती १९९४) मी कोणालाही डोळे झाकून सुचवेन. प्रत्येक गाणं रेकॉर्डिंगच्या क्रमाने घेतलंय, कोणी काय वाजवलं, चाल कशी वळते, शब्द कुठून आले, आणि ते गाणं त्या काळाशी कसं जोडलेलं आहे. सुरुवातीला साठच्या दशकावरचा जो मोठा निबंध आहे तो एकटा वाचला तरी पैसे वसूल. पण या माणसाची मतं फार कडक आहेत, 'हेल्टर स्केल्टर' तर त्याने अक्षरशः सोलून काढलंय, आणि तुमचं लाडकं गाणं त्याला फालतू वाटलेलं असण्याची दाट शक्यता आहे. राग येईल. येऊ द्या, मग ते गाणं परत लावा आणि तो म्हणतो ते ऐकू येतंय का बघा, पटलं नाही तर का नाही पटलं ते तुम्हाला तरी सांगता यायला पाहिजे. हे पुस्तक कादंबरीसारखं सलग वाचायचं नाहीये, एक अल्बम लावा, एक गाणं ऐका, दोन पानं वाचा, परत ऐका, असं महिनोन्महिने पुरतं. घेताना नवी सुधारित आवृत्ती घ्या, लेखक २००३ मध्ये गेला पण त्याने केलेल्या दुरुस्त्या २००५ च्या आवृत्तीत आहेत.

स्टुडिओच्या आतलं जग बघायचं असेल तर इंजिनिअर जेफ एमरिकचं 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' (२००६) आहे. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेळी हा फक्त वीस वर्षांचा, आणि पहिल्याच गाण्याला, 'टुमॉरो नेव्हर नोज'ला, जॉन म्हणतो माझा आवाज डोंगरावरून दलाई लामा मंत्र म्हणतायत असा आला पाहिजे. मग याने जॉनचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला, ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला, माइक कंपनीच्या नियमापेक्षा जवळ लावले. हे वाचून ते गाणं हेडफोनवर ऐकून बघा, अंगावर काटा येतो. पण हे पुस्तक लिहिलंय चाळीस वर्षांनी, आठवणीवर, एमरिकचा ओढा पॉलकडे आहे आणि जॉर्जच्या वाट्याला फारच कमी कौतुक आलंय, अॅबी रोडचाच दुसरा इंजिनिअर केन स्कॉट याने त्यातल्या बऱ्याच गोष्टींना उघड हरकत घेतली होती. तेव्हा माइक कसा लावला यावर एमरिक, आणि माणूस कसा होता यावर आणखी कोणीतरी, असं करायचं.

गाणं कोणाचं यावर भांडण असेल तर एका पुस्तकात उत्तर शोधूच नका. 'इन माय लाइफ' हे प्रसिद्ध प्रकरण. जॉनचं म्हणणं गाणं आपलं, पॉलने मधल्या भागात मदत केली. पॉलचं म्हणणं, जे बॅरी माइल्सच्या 'मेनी इयर्स फ्रॉम नाऊ' (१९९७) मध्ये आहे, की शब्द जॉनचे पण पूर्ण चाल मी मेलोट्रॉनवर (पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य) बसून लावली. दोघंही खरं बोलत असतील, आठवण अशीच असते. जो लेखक दोन्ही बाजू समोर ठेवतो आणि मग आपलं मत देतो त्याच्यावर विश्वास ठेवा, जो एकच बाजू ठणकावून सांगतो त्याच्यावर कमी.

भारताचा भाग आपल्याला जवळचा, आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या चरित्रांत तो सगळ्यात घाईत उरकलेला असतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये चौघं ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात आले, रिंगो दहाएक दिवसांत परतला, पॉल पाचेक आठवड्यांनी, जॉन आणि जॉर्ज एप्रिलमध्ये रागावून निघाले. का रागावले यावर प्रत्येक पुस्तक वेगळं बोलतं. महर्षींनी एका बाईशी गैरवर्तन केलं असा आरोप होता, तो पसरवण्यात अॅलेक्सिस मार्डास या जॉनच्या मित्राचा हात होता. जॉनने रागाने 'सेक्सी सेडी' लिहिलं. जॉनची बायको सिंथिया तिथेच होती आणि तिला तो आरोप पटला नव्हता, हे तिने आपल्या पुस्तकात लिहिलंय. जॉर्जने तर पुढे महर्षींशी पुन्हा जुळवून घेतलं, १९९२ मध्ये त्यांच्याशी संबंधित पक्षासाठी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रमही केला. आता तुमच्या हातातलं पुस्तक जर 'महर्षी भोंदू निघाले आणि बीटल्स परत गेले' एवढ्या एका वाक्यात हे संपवत असेल तर समजा लेखकाने फक्त जॉनचं ऐकलंय.

या विषयावर अजॉय बोस या भारतीय पत्रकाराचं 'अॅक्रॉस द युनिव्हर्स: द बीटल्स इन इंडिया' (२०१८) आवर्जून वाचा, भारतातून बघितलेली बाजू त्यात येते. पॉल सॉल्ट्झमन हा कॅनडाचा तरुण तेव्हा योगायोगाने त्याच आश्रमात पोचला होता, त्याने काढलेल्या फोटोंचं पुस्तकही बघण्यासारखं आहे. आणि मुंबई विसरू नका. १९६६ मध्ये जॉर्ज ताजमध्ये उतरून रविशंकरांकडे सतार शिकत होता, जानेवारी १९६८ मध्ये फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल' सिनेमाचं संगीत रेकॉर्ड केलं, शिवकुमार शर्मांसारखे वादक त्यात होते, आणि त्याच मुक्कामात 'दि इनर लाइट'चं वाद्यसंगीत झालं जे 'लेडी मॅडोना'च्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आलं. म्हणजे बीटल्सच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग आपल्या मुंबईत झालंय, आणि हे किती पुस्तकांत नीट आहे ते बघा एकदा. जॉर्जवरचं चरित्र घेताना मी पहिल्यांदा हेच प्रकरण उघडते.

बायकांनी लिहिलेली पुस्तकं लोक 'गॉसिप' म्हणून बाजूला सारतात, ते मला अजिबात पटत नाही. सिंथियाचं 'जॉन' (२००५) आणि जॉर्जची पहिली बायको पॅटी बॉइड हिचं २००७ मधलं आत्मचरित्र, दोघी घरात होत्या, रात्री तीनला काय चालायचं ते त्यांना माहिती. स्टुडिओतल्या तारखांसाठी ती वाचू नयेत, पण एवढ्या प्रसिद्धीत घर कसं चालतं, मूल कसं वाढतं, माणूस कसा हळूहळू परका होतो, हे इतर कुठल्या पुस्तकात इतक्या जवळून येत नाही. आल्बर्ट गोल्डमनचं जॉनवरचं १९८८ चं चरित्र मात्र मी सुचवणार नाही. जॉनला ओळखणाऱ्या कितीतरी लोकांनी ते खोटं म्हटलं, आणि वाचताना जाणवतं की लेखकाला ज्याच्यावर लिहितोय तो माणूसच आवडत नाही.

फुटण्याचं, पैशाचं, कोर्टकचेरीचं कोडं सोडवायचं असेल तर पीटर डॉगेटचं 'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी' (२००९). पॉलने १९७० च्या शेवटच्या दिवशी भागीदारी मोडायला कोर्टात धाव घेतली तिथून पुढची दशकंही त्यात आहेत, बाकीची पुस्तकं नेमकी तिथे थांबतात. 'योकोने (म्हणजे जॉनच्या दुसऱ्या बायकोने) बँड फोडला' म्हणणाऱ्या मित्राला हे पुस्तक भेट द्या.

'द बीटल्स अँथॉलॉजी' (२०००) हे चौघांच्या स्वतःच्या शब्दांतलं मोठ्या आकाराचं पुस्तक, जॉनचं बोलणं जुन्या मुलाखतींतून घेतलेलं. फोटो, कागदपत्रं भरपूर, घरात असावं असं. पण चौघांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्यात, कोण बरोबर ते कोणी तपासलेलं नाही, शिवाय जिथे तिघांना बोलायचं नव्हतं तिथे शांतता आहे.

अगदी नवीन असाल तर माझ्या मते क्रेग ब्राउनच्या 'वन टू थ्री फोर' (२०२०) पासून सुरुवात करा, छोटी छोटी प्रकरणं, कुठूनही वाचा, नवीन संशोधन फारसं नाही पण ओढ लावतं. मग मॅकडोनाल्ड, गाणी लावून. मग डेव्हिस. तोपर्यंत भूक वाढली असेल तर 'ट्यून इन'. आणि एवढं वाचून झाल्यावर प्रत्येकजण वेगळं का सांगतोय असा प्रश्न छळायला लागला तर एरिन टॉर्केल्सन वेबरचं 'द बीटल्स अँड द हिस्टोरियन्स' (२०१६), ज्यात बीटल्सची कहाणी दर दशकात कशी बदलत गेली आणि कोणी बदलली तेच तपासलंय. माझ्या फार आवडीचं, पण पहिलं म्हणून घेऊ नका, आधीची पुस्तकं माहीत नसतील तर काहीच लागणार नाही.

खरेदीचं थोडं. इंपोर्टेड हार्डकव्हर फार महाग पडतात, त्यामुळे आधी ई-बुकचं फुकट सॅम्पल उतरवा आणि प्रस्तावना नीट वाचा, लेखक कुठून काय मिळवलं ते तिथेच सांगतो. रिव्ह्यू बघताना पाच स्टारवाले सोडा, दोन-तीन स्टारवाले वाचा, चुका तेच लोक दाखवतात. 'ट्यून इन'च्या दोन आवृत्त्या आहेत, साधी आणि १,७०० च्या आसपास पानांची दोन खंडांतली विस्तारित, चुकून दुसरी मागवू नका, साधी भरपूर आहे. मॅकडोनाल्ड पेपरबॅकमध्ये परवडतं. लुईसनचं सेशन्सचं पुस्तक जुन्या बाजारात बघा, फोर्टातल्या फुटपाथवर किंवा ऑनलाइन सेकंडहँड, फक्त विकणाऱ्याला पानांचे फोटो मागा. आणि ऑनलाइन जी शंभरेक पानांची पातळ पुस्तकं दिसतात, लेखकाची काही ओळख नाही, प्रकाशकाचं नाव कधी ऐकलेलं नाही, शीर्षकात 'अनटोल्ड' किंवा 'सीक्रेट', त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यात विकिपीडियावर फुकट मिळतं त्यापेक्षा जास्त काही नसतं.